डिसेंबरात जर्मन पाहुणे लातूरला येणार. त्यांना आपला देश दाखवायचा कसा?

मांजराकाठ (धागाकर्ता)

रामराम मंडळी.

धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातलं एक जोडपं आणि एक जपानी सहकारी असे तिघं डिसेंबरात भारतात येतायत. दिल्ली, आग्रा, जयपूर उरकून मग आठवडाभर आमच्याकडं. भावाला रजा कमी, तो शेवटीशेवटी येऊन टेकणार. तोवर पाहुण्यांचा सगळा कारभार माझ्याकडं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. इंग्रजी वाचायला अडचण नाही, बोलताना जीभ जड होते. बायको म्हणते, येऊ द्या की, माणसंच आहेत.

माझं दुखणं वेगळं आहे. भावानं त्यांना आधीच एक सादरीकरण दाखवलंय, ते त्यानं मलाही पाठवलं. त्यात ताजमहाल आहे, योगासनं आहेत, मंगळयान आहे, होळीचे रंग आहेत, हत्ती तर दोनदा आहे. आमच्या लातुरात हत्ती आला तो सर्कशीबरोबर. महाराष्ट्राच्या पानावर मुंबई, वडापाव आणि लावणी. मराठवाडा म्हणजे नकाशात तांबडा रंगवलेला एक तुकडा, खाली 'दुष्काळी भाग', आणि शेजारी 2016 सालच्या पाण्याच्या रेल्वेचा फोटो. खोटं त्यात काही नाही. त्या एप्रिलात मिरजेहून गाडीनं पाणी आलं ते आम्हीच प्यालो. पण पाहुणा उंबऱ्यात यायच्या आधीच आपण त्याच्या डोक्यात ताज, हत्ती आणि तहानलेली माणसं भरून ठेवली तर त्याला इथं येऊन दिसणार काय?

देशाची ओळख करून द्यायची म्हणजे नेमकी कुणाची, हेच मला उमजंना. 140 कोटींच्या वतीनं बोलायला मी कोण? तमिळनाडूत सकाळच्या न्याहारीला काय असतं हे मला हॉटेलातल्या पाटीवरून ठाऊक. माझं मत असं होत चाललंय की आपण आपल्या शिवेपुरतं बोलावं, पण तेवढं काही न लपवता आणि न फुगवता बोलावं. भावाला हे पटत नाही. इतक्या लांबून येणाऱ्या माणसांना शेणामातीत कशाला फिरवतोस, असं त्याचं म्हणणं.

तुमच्याकडं परदेशी पाहुणे आले असतील तर सांगा. ते काय विचारतात? काय दाखवावं, कुठं गप्प बसावं? 'अतिथी देवो भव' एवढं मात्र नको, ते भावाच्या शेवटच्या पानावर आहे.

कडबाकुट्टी

गुरुजी, हत्ती मागवाच. त्याच्यावर बसवून गंजगोलाईला एक चक्कर. सोळा रस्ते फुटतात तिथून, कुठल्यातरी एका रस्त्यानं पाहुणे आपोआप हरवतील आन् तुमचं काम हलकं होईल.

चेष्टा राहू द्या. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता मोंढ्यात आहे.

वेरूळचा_वाटाड्या

लेण्यांवर गाईडचं काम करतो, म्हणून चार कामाच्या गोष्टी.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे न बघता आलेले लोक फाटकाशी डोकं धरून बसलेले कायम दिसतात. लातूरहून संभाजीनगरला पाच-सहा तास धरा. तिथून वेरूळ 30 किलोमीटर, अजिंठा शंभरच्या आसपास, आणि वाटा वेगवेगळ्या. एका दिवसात दोन्ही उरकायची हौस करू नका.

राजवंश आणि सनावळ्या घोकून म्हणू नका. पाहुणा मान डोलावतो, ऐकत काही नसतो. कैलास लेण्यात मी माणसांना थेट आत नेत नाही. आधी बाजूच्या डोंगरावरून वर नेतो. वरून बघितलं की न सांगता कळतं, हे देऊळ बांधलेलंच नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणला. शिखर आधी, जोतं नंतर. तिथं उभं राहून जर्मन माणूस हमखास विचारतो, मध्येच दगड चुकीचा फुटला तर काय करत होते? असा प्रश्न आला की खुशाल समजायचं, पाहुणा आता बघायला लागला. मग त्याला पुढचं सांगा: 34 लेण्यांपैकी पहिली 12 बौद्ध, मधली 17 हिंदू, शेवटची 5 जैन, सगळी एकाच डोंगराच्या कडेला. 'विविधतेत एकता' या घोषणेला इथं पाय फुटतात.

आणि अजिंठा. पहिल्या लेण्यात सगळी गर्दी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर. मी तिथून पाहुण्यांना मागं ओढतो आणि मान वर करायला लावतो. छतावर एका चौकटीत परदेशी मंडळी रंगवलीत. डोक्यावर उंच टोप्या, अंगात लांब बाह्यांचे अंगरखे, पायांत मोजे, हातात प्याला, बाजूला चाकर. इराणी असावेत, असा जुन्या अभ्यासकांचा अंदाज. आपल्या चिताऱ्यानं पंधराशे वर्षांपूर्वी परदेशी पाहुणा कसा बघितला ते तिथं उघड दिसतं. त्यानं त्यांना देवही केलं नाही आणि राक्षसही केलं नाही. मोजेसुद्धा सोडले नाहीत पठ्ठ्यानं. हे चित्र दाखवलं की युरोपातली माणसं एकदम सैल होतात, हसतात, एकमेकांना बोटानं दाखवतात. 'तुम्ही आम्हाला बघायला आलात, आम्हीही तुम्हाला बघत आलोय' एवढं बोललो की माझं निम्मं काम झालं.

जपानी पाहुण्याला अजिंठ्याची ओळख बहुधा लागणार नाही. नाराजवळच्या होर्युजी मंदिरातली जुनी भित्तिचित्रं अजिंठ्याच्या नात्यातली मानतात. ती 1949 च्या आगीत जळाली. त्यामुळं जपानी माणसं इथं पोपडे धरलेल्या भिंतीपुढंही वेळ काढतात. त्यांना घाई करू नका.

टोरांटोतली_परभणीकर

वाटाड्या, वाखू (वाचनखूण) साठवली. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन येते, तेव्हा छतच आधी बघणार.

गुरुजी, मी बरीच वर्षं उलट्या बाजूला आहे. इथं मीच भारताची वकील असल्यासारखी लोक मला प्रश्न विचारतात. पहिला ठरलेला: तुम्ही 'इंडियन' बोलता का? यावर भाषण देत बसू नका. खिशातली शंभराची नोट काढून त्यांच्या हातात द्या. मागच्या बाजूला 15 भाषांची पट्टी असते, शिवाय हिंदी आणि इंग्रजी ठळक. त्यातली मराठी त्यांना शोधायला लावा. आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत, म्हणजे नोटेवर जागा पुरली नाही, हेही सांगा. मी ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर ही युक्ती केली, नोट हातोहात फिरली आणि परत यायला डबे धुवून झाले.

दुसरा प्रश्न लग्नाचा. ती जर्मन बाई विचारणारच, तुमचं लग्न कुणी ठरवलं? तिथं तुम्ही तोंड उघडू नका. वहिनींना बोलू द्या. भाषा येत नसली तर तुम्ही फक्त मध्ये उभं राहून जसंच्या तसं सांगा, स्वतःची भर घालू नका. आपल्याकडचे पुरुष बायकांच्या वतीनं इतकं छान बोलतात की परदेशी बायकांना तेवढं एकच लक्षात राहतं.

तिसरा, बायकांनी एकटं फिरावं का. 'आमच्याकडं काही होत नाही' असं म्हणू नका. रात्री कुठल्या रस्त्यानं तुमची स्वतःची पोरगी जात नाही तेवढं सांगा.

पण शिवेपुरतं बोलावं या तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. पाहुणे काश्मीर विचारतील, निवडणुका विचारतील, गाईचं विचारतील. 'ते आमच्या शिवेबाहेरचं' म्हणून हात झटकता येत नाहीत. तुमचं मत तुमचं म्हणून सांगा, शेजाऱ्याचं वेगळं असेल तर त्यालाही बोलवा आणि त्यांच्यासमोर भांडा. भारतीय माणसं जेवताना राजकारणावर भांडतात आणि तरी ताटावरून उठत नाहीत, हे त्यांना कुठल्या सादरीकरणात दिसणार?

अवांतर: माझ्या पंजाबी शेजारणीला महाराष्ट्र म्हणजे मुंबई. परभणी सांगून काही उपयोग नाही. पण नांदेडच्या शेजारी म्हटलं की डोक्यावर ओढणी घेते. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींचा शेवट तिथं झाला, हजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. आपला मराठवाडा जगात कुणाला कशामुळं माहीत असेल, काही नेम नाही.

कडबाकुट्टी

आलो.

गुरुजी, लेणी बिणी ठीक आहे, पण डिसेंबरात पाहुणे येणार तर एक दिवस आमच्या बीडकडं आणा. अर्धं गाव कुलूपबंद दिसंल. म्हातारी माणसं, शाळेपायी मागं ठिवलेली चार लेकरं, आन् दारात एखादं कुत्रं. बाकी सगळे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हंजी आगाऊ पैसे, घेऊन निघायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब माणसाचा नाही, कोयत्याचा. ती बाई विचारंल, गरोदर असली तर? असली तरी फडात. आमच्या जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढायचं प्रकरण झालं, विधिमंडळापर्यंत गेलं, ते झाकून कुणाला काय मिळणार हाय?

आता तुमचा भाऊ म्हणंल, हे दाखवून देशाची बदनामी. मी म्हणतो, चहात साखर घालून देताय ना पाहुण्याला? मग ती कुणी तोडली ते सांगायला काय झालं.

आन् एक सांगतो, जर्मन लोक हिशेबी असत्यात. ते हमखास विचारणार, रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या जिल्ह्यात ऊस कसा? उत्तर तयार ठेवा.

मांजराकाठ

कडबाकुट्टी, त्याचं उत्तर मला स्वतःलाच रोज द्यावं लागतं, माझ्या शेतातही थोडा ऊस हाय. उसाला सरकारनं ठरवलेला भाव असतो, गाळपाला गेला की पैसे उशिरा का होईना येतात. सोयाबीनचा भाव आमच्याच बाजार समितीत सकाळी एक आन् दुपारी एक. माणूस पाण्याकडं बघून पीक घेत नाही, हमीकडं बघून घेतो. हे त्यांना समजंल असं वाटतं.

परभणीकर ताई, नोटेची युक्ती वर्गातही वापरणार.

नागसेनवन

धागा चांगला चाललाय, पण एक शब्द अजून कुणाच्या प्रतिसादात आला नाही, तो परदेशी माणसाच्या जिभेवर पहिल्या दिवशी असतो. जात.

आपल्या लोकांची दोन उत्तरं ठरलेली. एक, 'पूर्वी होती, आता शहरात कुणी पाळत नाही.' दुसरं, 'तुमच्याकडं गोरे-काळे आहेच की.' दोन्ही ऐकून पाहुणा गप्प बसतो, आणि परत गेल्यावर पुस्तकातून जे काय वाचायचं ते वाचतो. त्यापेक्षा त्याला सरळ औरंगाबादला आमच्या नागसेनवनात घेऊन या. बाबासाहेबांनी 1950 मध्ये इथं मिलिंद महाविद्यालय काढलं. आख्ख्या मराठवाड्यात तेव्हा कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. नाव बघा कुणाचं दिलंय: मिलिंद, म्हणजे प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. परिसराला नाव उत्तर देणाऱ्या नागसेनाचं. एका परदेशी माणसानं इथल्या भिक्खूला बिनधास्त प्रश्न विचारावेत आणि त्यानं ते न चिडता सोडवावेत, हे आपल्याकडं दोन हजार वर्षांपासून चालत आलंय.

मग त्यांना विद्यापीठाच्या कमानीपाशी न्या. 27 जुलै 1978 ला नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' ही पाटी लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. एका नावासाठी साडेपंधरा वर्षं. दर 14 जानेवारीला त्या कमानीसमोर माणसांचा पूर असतो, नवी साडी नेसून, लेकरं कडेवर घेऊन, पुस्तकांचे स्टॉल. जळलेल्या वस्त्या आणि हा उत्सव, दोन्ही एकाच दमात सांगा. फक्त पहिलं सांगितलं तर आम्ही नुसते बिचारे ठरतो, आणि फक्त दुसरं सांगितलं तर तुम्ही सगळे साळसूद ठरता.

गुरुजी, शेवटचं. पाहुण्यांना गावात फिरवताना आमच्या वस्तीतही चहाला थांबा. गावदेवळापासून पाटलाच्या वाड्यापर्यंतच फिरवलं तर तुमची शीव अर्धीच झाली.

मांजराकाठ

सहमत. शाळेतले माझे सहकारी त्या वस्तीतलेच आहेत, त्यांच्याकडं एक दिवस जेवण ठरवतो. आधी त्यांना विचारतो.

दख्खनी_चाय

मियाँ, इतके प्रतिसाद झाले आणि औरंगाबाद म्हटलं की फक्त लेणी आणि विद्यापीठ? आम्ही काय भाड्यानं राहतो?

तुमच्या पाहुण्यांना सांगा, हे शहर वसवणारा माणूस स्वतः परदेशी होता. मलिक अंबर. जन्म हबशाण म्हणजे इथिओपियातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादवरून हात बदलत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. मुघलांना त्यानं गनिमी काव्यानं जेरीस आणलं. 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आजचं शहर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात खेळवलं. युरोपातल्या माणसाला गुलाम म्हटलं की अमेरिकेतलं कापसाचं शेत आठवतं. गुलाम राज्य चालवतो हे ऐकलं की दोनदा विचारतात, खरं का? मग मी त्यांना खुलताबादला नेतो, 1626 मध्ये तो गेला, कबर तिथंच आहे.

बीबी का मकबरा दाखवताना 'गरिबांचा ताज' हे बोलणं तेवढं बंद करा. आग्रा बघून आलेला पाहुणा मग त्यात फक्त कमी काय ते शोधत बसतो. संगमरवर कमी, बाकी चुना, तेही आपणच सांगतो! त्याऐवजी संध्याकाळी घेऊन या, शहरातली कुटुंबं हिरवळीवर डबे उघडून बसलेली असतात ती दाखवा. आणि वली दख्खनी या शायराचं नाव सांगा. उर्दू गझल दिल्लीत रुजायच्या आधी ती या गल्ल्यांत बोलली जात होती, 1667 मध्ये तो इथंच जन्मला. आमची दख्खनी ऐकली की दिल्लीचे लोक हसतात, पण तिच्यात निम्मी मराठी आहे. माझी आजी उर्दूत दुआ मागायची आणि भाजीवाल्याशी 'नक्को रे बाबा' म्हणून भांडायची.

एक नाजूक गोष्ट. पाहुणे 15 ऑगस्ट विचारतील. तुम्ही 17 सप्टेंबर 1948 पण सांगाल, सांगायलाच पाहिजे, हैदराबादच्या निजामाचं राज्य गेलं, मराठवाडा मोकळा झाला. माझ्या घरातही तिरंगा लागतो त्या दिवशी. पण रझाकारांचे जुलूम सांगून झाले की त्यानंतरच्या आठवड्यांत गरीब मुसलमानांचं काय झालं तेही सांगा, तीही याच मातीतली गोष्ट आहे.

शंकासुर

गंमत वाटते वाचून. आपण जर्मनीला गेलो तर ते लोक आपल्याला त्यांचा देश समजावून सांगायला असे रात्र रात्र जागतात का? व्हिसाच्या रांगेत उभं करतात आणि बँकेतली शिल्लक विचारतात. गोरा माणूस आला की आपण लगेच जात काढा, दुष्काळ काढा, माफी मागा. येऊ देत, बघू देत, जाऊ देत. एवढा काथ्याकूट कशाला?

ज्वारीचं_कणीस

शंकासुर, रांगेचं खरं आहे. पण माफी कुणी मागितली इथं? मला तर सगळे आपापलं घर मोठं करून सांगताना दिसतायत.

मी तेरची. गोरोबाकाकांचं तेर, आमच्याकडं जुन्या टेकाडावर पाऊस पडला की शेतातून खापराचे तुकडे आणि मणी वर येतात. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भरूचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आमचं तेर. इथलं कापड गाड्यांवर लादून बिनवाटेच्या मुलखातून बंदराला जायचं आणि तिथून रोमकडं. तेव्हा ते लोक आपल्या मालासाठी समुद्र ओलांडून येत होते. आमच्या गावच्या वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक बारकी बाहुली आहे, तशीच इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. गुरुजी, लातूरहून तेर जवळ आहे, वाटेत मुरूडला चहा होतो. भावाला सांगा, सादरीकरणात हत्तीऐवजी हस्तिदंत टाक.

शंकासुर

बाहुली माहीत नव्हती. बघायला पाहिजे.

किल्लारीकडचा

थोडं वेगळं सांगतो. आमच्या भागानं परदेशी माणसं एकदम, गाड्या भरून बघितली ती 1993 मध्ये. 30 सप्टेंबरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं, भूकंप. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगडमातीची जाड भिंतींची घरं, तीच अंगावर आली. दहा हजारांच्या घरात माणसं गेली.

मग डॉक्टर आले, तंबू आले, आणि कॅमेरे आले. मदत खरी होती, ती विसरणार नाही. नव्या गावांतली घरं बाहेरच्या पैशातून आणि जागतिक बँकेच्या कर्जातून उभी राहिली. पण त्या वेळी लोकांचे जसे फोटो निघाले त्याची अढी आमच्या म्हाताऱ्यांच्या मनात अजून आहे. कुणी गळ्यात कॅमेरा अडकवून गल्लीत शिरलं की माझी आत्या दार लोटून घेते.

म्हणून गुरुजी, पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगा, फोटो काढायच्या आधी विचारायचं. आणि काढलेला फोटो मागं फिरवून त्या माणसाला दाखवायचा. त्या आत्याला माझ्या एका मित्राच्या पाहुणीनं असा फोटो दाखवला होता. आत्या म्हणाली, 'पदर नीट घेऊ दे, पुन्ना काढ.' तिथनं पुढं दोघी तासभर ओसरीवर. काय बोलल्या देव जाणे, एकीला मराठी येत नाही आणि दुसरीला मराठीशिवाय काही येत नाही.

सरकारी कामाचंही लक्षात ठेवा. परदेशी माणूस घरी मुक्कामाला उतरला की 24 तासांत त्याची ऑनलाइन नोंद घरमालकानं करायची असते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात. आपल्याकडं हे कुणाला माहीत नसतं आणि मग पोलीस पाटील दारात येतो.

मांजराकाठ

नोंदणीचं खरंच माहीत नव्हतं, फार उपकार झाले. तालुक्याला चौकशी करून टाकतो.

आता एक नवीनच कोडं. काल भावाचा फोन आला, जर्मन पोरगी दूध, दही, तूप काहीच खात नाही. मांस तर नाहीच. आईला सांगितलं, आई म्हणाली, 'मग जगती कशावर?' वेळअमावास्येला शेतात न्यायचं डोक्यात आहे, पण त्या दिवशी तर आंबीलच मुख्य, आणि आंबील ताकाशिवाय होत नाही.

ज्वारीचं_कणीस

अहो, याचीच वाट बघत होते. येळवशीला, म्हणजे वेळअमावास्येला, न्याच! तारीख मात्र कालनिर्णयात बघून पाहुण्यांचा बेत ठरवा, मार्गशीर्षातली अमावास्या कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत सरकते. आणि त्या दिवशी लातूर-धाराशिवात दुकान उघडं मिळणार नाही, सामान आदल्या दिवशी भरून ठेवा. रिकामा बाजार दाखवायचा असला तर मात्र सकाळी गंजगोलाईवरूनच गाडी काढा.

आता पोरीचं जेवण. तिला खाता येण्यासारखं अर्ध्याच्या वर आहे. भज्जी घ्या: तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, वांगं, गाजर, बोरं, चिंच, वरून बेसन लावून आटवलेली. त्यात दुधाचा थेंब नाही. फोडणी तुपाऐवजी शेंगदाण्याच्या तेलात करा, आमच्याकडं तशीच असते. बाजरीचे उंडे वाफेवरचे. शेंगाच्या पोळीला तूप वरून लागतं, ते तिच्या पोळीला लावू नका. खीर गव्हाची आणि गुळाची, तिच्यासाठी एका पातेल्यात दूध घालायच्या आधीच वेगळी काढा. धपाट्यात दही घालत असाल तर तिच्या वाटणीचे कोमट पाण्यात भिजवा, मऊ राहतात.

आंबिलीचं असं करा. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून घेतलं की ताक घालायच्या आधी तांब्याभर बाजूला काढायचं. त्यात चिंचेचा कोळ, वाटलेलं लसूण-आलं, मीठ. माझ्या जाऊबाईंना ताक सोसत नाही, त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी असंच करतो. चव वेगळी लागते पण वाईट नाही.

ठेचा पानात वाढू नका, वाटीत ठेवा आणि मागितला तर द्या. शेतातल्या कडब्याच्या कोपीतल्या पूजेला तिघांनाही पुढं बसवा, पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना कुंकू लावायला हात लावू द्या. नुसतं बाजूला उभं करून माहिती सांगितली की माणसं अवघडतात. त्या पोरीला आंबील शिंपडायला सोबत घ्या, रानभर फिरली की भूक लागंल. संध्याकाळी पेंडी पेटवून शेताला फेरी मारतात तेव्हा मात्र पाहुण्यांना जरा लांब ठेवा, त्यांचे ते नायलॉनचे जाकीट एका ठिणगीत जातात.

दख्खनी_चाय

आणि औरंगाबादेत नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा? सांगतात की तुघलकाच्या फौजेबरोबर आला. पोरीला नान चालेल का? आमच्या बेकरीत पिठाला दूध असतं, विचारून सांगतो. जपानी भाऊ तरी खातो ना?

मांजराकाठ

जपानी सगळं खातो. तिखटसुद्धा.

कडबाकुट्टी

मंग त्याला बीडला पाठवा. ठेचा वाटीत ठेवायचं ते आमच्याकडं चालत नाही.